क्रूझरचं डावं पायडल सारखं ढिलं होतंय? पायडल बदलू नका, आधी भोक बघा

तीन महिन्यांत माझ्या सायकलचं डावं पायडल सहा वेळा आवळून झालं, एकदा नवी जोडी घालून झाली, आणि एका सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी ते पायाखालून सुटून पदपथावर घरंगळत गेलं. फिरायला आलेल्या एका आजोबांनी उचलून हातात दिलं. "पोरी, हे तुझंच न्हवं?" पोरी म्हणाले म्हणून जरा बरं वाटलं, पण पायडल हातात घेऊन मंगळवार पेठेपर्यंत सायकल ढकलत आले तेव्हा ते बरं वाटणं गेलं.

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. सायकल नवी. पहिले तीन-चार दिवस काही नाही. मग डाव्या बाजूला पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'कट्' असा आवाज. दोन दिवसांनी बूट किंचित तिरका होतोय असं वाटायला लागतं. पाना लावला की अर्धा-पाऊण फेरा आत जातं, आवाज थांबतो, आठवड्यात पुन्हा 'कट्'. उजवं पायडल मात्र एकदाही हललेलं नाही. दोन्ही पायडलं एकाच जोडीतली, मग एकच का सुटतं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर तीन महिने वाचले असते.

सायकलबद्दल थोडं. क्रूझर म्हणजे जाड टायरची, रुंद हँडलची, ऐसपैस सीटची सायकल. अमेरिकेत श्विन कंपनीनं १९३३ साली सव्वादोन इंचाच्या आतबाहेरचे फुगीर टायर घातलेली सायकल काढली, तिथून हा वंश सुरू झाला. 'बीच क्रूझर' हे नाव नंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरनं चिकटलं. कोल्हापूरला समुद्र नाही, पण रंकाळ्याला आपण चौपाटी म्हणतोच, तेव्हा माझा हट्ट अगदीच अवाजवी नव्हता. लेडीज क्रूझरचा मधला दांडा खाली वाकलेला असतो, पाय उंच न टाकता बसता येतं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर या गोष्टीची किंमत कळते.

ऑनलाइन मागवली. खोका आला तो दाराएवढा. आत सायकल ऐंशी टक्के जोडलेली असते. हँडल, पुढचं चाक, सीट, मडगार्ड आणि पायडलं आपण लावायची. शेजारच्या काकू खोका बघायला आल्या आणि म्हणाल्या, "मी पण घेतो की अशी एक." (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी घेतो, मी येतो' असंच म्हणतात. त्यात चूक काही नाही.) जोडायचं काम आमच्या धाकट्या भावजींनी अंगावर घेतलं. मी म्हटलं, दुकानात नेऊ या, दोनशे-तीनशे रुपये जातील. तर म्हणाले, "वहिनी, ह्यो काय विमान हाय व्हय? तासाभराचं काम."

तासाभरात झालंही. खरं दुखणं त्या तासातच होतं, पण ते आम्हाला तीन महिन्यांनी कळलं.

आधी आम्ही काय काय केलं आणि त्यातलं काय किती टिकलं ते सांगते, कारण यातलं एखादं तुम्हीही करून बसला असाल. नुसतं आवळणं: आठ दिवस. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी आट्यांवर (पायडलच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या खाचांवर) नळाची पांढरी टेफलॉन टेप गुंडाळून बसवलं: चार दिवस, म्हणजे नुसत्या आवळण्यापेक्षा कमी. टेप पाणी अडवते, वजन नाही. मग ते म्हणाले, "ताई, पायडलच खराब लागलंय, नवीन जोडी घाला." घातली. दोन आठवडे अगदी छान गेले, मी पेढे वाटायच्या बेतात होते, आणि विद्यापीठाच्या चढावर पुन्हा 'कट्'. शेवटी आटे चिकटवणारा तो निळा द्रव भावजींनी आणला. तो तीन आठवडे टिकला आणि मग आजोबांचा प्रसंग घडला.

नवी जोडी जास्त दिवस का टिकली हे नंतर समजलं. पायडलच्या दांड्याचे आटे पोलादाचे, नवे, धारदार. पायडल ज्यात आवळतात त्या भोकात जे काही थोडेफार आटे शिल्लक होते त्यांना त्यांनी घट्ट पकडलं. पण प्रत्येक वेळी पकडताना आणखी थोडे खाल्ले. म्हणजे आम्ही दुरुस्ती म्हणून जे जे करत होतो त्यानं दुखणं वाढतच होतं.

नक्की काय हलतंय ते आधी शोधा

पायडल डुगडुगतंय असं वाटलं तरी हलणारी गोष्ट वेगळी असू शकते. सायकल भिंतीला टेकवून दोन्ही क्रँक (पायडल ज्या दांड्यांना लागतं ते दांडे) दोन हातांत धरा आणि फ्रेमच्या आडव्या दिशेनं, आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलले तर मधल्या एक्सलचं बेअरिंग ढिलं आहे. फक्त डावी क्रँक हलली आणि उजवी स्थिर राहिली तर क्रँकचा बोल्ट सैल आहे. त्यावर खाली लिहिते. दोन्ही क्रँक दगडासारख्या घट्ट, पण पायडल धरून हलवल्यावर त्याचा दांडा भोकाच्या तोंडाशी हलताना दिसला, तर तुमचं दुखणं माझंच. आणि दांडा घट्ट पण पायडलचा पसरट भाग दांड्यावर खुळखुळतोय, तर आतले छर्रे गेले. या एकाच बाबतीत नवी पायडलं हा खरा उपाय आहे.

आवाज सीटच्या दांड्यातूनही येतो आणि तो हुबेहूब पायडलचा वाटतो. चालत्या सायकलवर दोन-चार फेरे उभं राहून मारा. आवाज बंद झाला तर पायडलला दोष देऊ नका.

मग पायडल पूर्ण काढा. १५ मिलिमीटरचा पाना लागतो, आणि तो बारीक जाडीचा हवा. जाड पाना क्रँक आणि पायडलच्या फटीत बसत नाही. काढल्यावर मोबाइलचा टॉर्च भोकात मारून आटे बघा. चांगले आटे म्हणजे एकसारख्या, टोकदार, समांतर रेघा. माझ्या भोकात पहिले तीन-चार आटे लोळवल्यासारखे चपटे झालेले होते आणि त्यांच्यावर आडव्या दुसऱ्याच रेघा उमटलेल्या होत्या. कापडानं पुसलं तर ॲल्युमिनियमचा चकचकीत चुरा निघाला, गुऱ्हाळातल्या चिपाडासारखा. आडव्या रेघा दिसल्या की समजायचं, या भोकात कधीतरी उलट आट्यांचं काहीतरी जोर लावून घातलं गेलंय.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारलं, "भावजी, त्या दिवशी जोडताना डावं पायडल सहज गेलं होतं का हो?" भावजी भाकरी मोडत थांबले. मग हळूच म्हणाले, "पहिल्यांदा जरा अडलं हुतं."

जरा म्हणजे कसं, तर पान्याच्या दांड्याला पाइप लावून दीड फेरा आत घातलं होतं. मग दुसरं पायडल दुसऱ्या बाजूला अजिबात जाईना, तेव्हा अक्षरं बघितली, अदलाबदल झाल्याचं लक्षात आलं, गपचूप काढून बरोबर लावलं. म्हणून उजवं भोक वाचलं आणि डावं गेलं. तीन महिने माणूस माझ्यासोबत पाना घेऊन बसत होता, पण हे सांगितलं नव्हतं.

चूक कशी होते ते कळलं की भावजींवरचा राग थोडा कमी होतो. सायकलची दोन पायडलं सारखी दिसतात, पण आटे एकमेकांच्या उलट असतात. उजव्याचे आटे नेहमीसारखे, घड्याळाच्या दिशेनं घट्ट होणारे. डाव्याचे उलटे. दांड्याच्या टोकावर किंवा पाना लागतो त्या सपाट भागावर आर आणि एल ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात: आर उजवं, एल डावं. भावजींनी ती वाचली होती की! पण जोडायला सोपं म्हणून सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी केली होती, आणि ते मागच्या चाकाशी उभे होते. सायकल उलटी केली की तिची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. त्यांनी आपल्या उजव्या हाताला आर लावलं.

म्हणून माझा एकच नियम, सायकल कशीही असो, उभी, उलटी, आडवी: चेन असते ती बाजू आर. उजवी-डावी विसरा, चेन बघा. अक्षरं पुसट असतील तर दांडा उभा धरून आट्यांचा कल बघा. समोरच्या बाजूला रेघा उजवीकडे वर चढत असतील तर ते उजवं पायडल, डावीकडे चढत असतील तर डावं.

डाव्या बाजूला उलटे आटे कशाला, असं मीही विचारलं. वाटतं असं की पायडल फिरताना छर्ऱ्यांच्या घर्षणानं दांडा एका बाजूला ओढला जाणार. पण प्रत्यक्षात त्याहून मोठा जोर दुसऱ्याच गोष्टीचा असतो, आणि तो उलट दिशेचा असतो. स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या. एक टोक डाव्या मुठीत सैल धरा आणि दुसरं टोक उजव्या हातानं हवेत गोल फिरवा, पण बोटांत पिळू नका. मुठीतलं टोक मुठीच्या आतून लोळत जातं आणि लाटणं तुम्ही फिरवताय त्याच्या उलट दिशेनं स्वतःभोवती वळायला लागतं. पायडलचा दांडा क्रँकच्या भोकात हेच करतो. आपल्या पायाचं वजन दर फेऱ्याला दांड्याच्या भोवती सगळ्या बाजूंनी फिरतं, आणि भोकात केसाएवढी जरी फट असली तरी दांडा त्यात लोळतो. डाव्या बाजूचे आटे उलटे असल्यामुळे हे लोळणं पायडल घट्ट करत राहतं. साधे असते तर ते चालता-चालता सुटलं असतं. मात्र ही सगळी करामत आटे शाबूत असतील तरच. चपट्या आट्यांच्या भोकात दांडा लोळतो, पण त्याला धरायला काही नसतं, उरलेले आटेही तो चुरत जातो.

दुरुस्ती

आटे थोडेच बिघडले असतील, म्हणजे पहिला एखादाच चपटा आणि आतले चांगले, तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून ते सरळ करता येतात. क्रूझरच्या तीन भागांच्या क्रँकला (दोन क्रँक आणि मधला एक्सल वेगवेगळे) पायडलचं माप नऊ-सोळांश इंच, म्हणजे साधारण १४.३ मिलिमीटर, आणि इंचाला २० आटे. डाव्या बाजूसाठी डावा टॅप लागतो, साधा टॅप मारला तर उरलंसुरलं भोकही जाईल. शक्यतो क्रँकच्या मागच्या बाजूनं सुरुवात करावी, कारण तिकडचे आटे बहुधा शाबूत असतात आणि टॅप त्यांच्यावरून सरळ रुळावर येतो.

माझ्या भोकाची वेळ टळून गेली होती. मी क्रँक काढून थेट शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापुरात लोखंडाचं काहीही तुटलं की माणूस उद्यमनगरला जातो, ही आपली जुनी सवय. लेथवरच्या मिस्त्रींनी क्रँक उजेडाकडं धरली, करंगळी भोकात फिरवली आणि म्हणाले, "ताई, भोक मोठं करून आत पोलादी बुश, म्हणजे नळी, मारून देतो, त्याला आतनं डावे आटे पाडतो. जन्मभर हलणार नाही. पण खरं सांगू? नुसती डावी क्रँक मिळती बाजारात. ती ह्याच्याहून स्वस्त पडंल." आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं दुसऱ्या दुकानात पाठवणारा माणूस भेटला की शहरावरचा विश्वास वाढतो.

नुसती डावी क्रँक घेताना तीन गोष्टी जुळवायच्या. लांबी क्रँकच्या मागं कोरलेली असते. माझी १७० मिलिमीटर होती. पहिल्या दुकानदारांनी मुलांच्या सायकलची आखूड क्रँक पुढं केली होती, "चालतंय की, बसती." बसते, पण मग एक पाय छोटं वर्तुळ मारतो आणि एक मोठं. दुसरं, एक्सलचं भोक चौकोनी आहे का. तिसरं, पायडलचं माप. काही क्रूझरला, विशेषतः अमेरिकी पद्धतीच्या, दोन्ही क्रँक मिळून इंग्रजी एस आकाराचा एकच वाकवलेला दांडा असतो. त्याच्या पायडलचं माप अर्धा इंच. त्यात नऊ-सोळांशचं पायडल जाणारच नाही, जोर लावू नका. लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींनाही अर्धा इंचच असतं. असला एकसंध दांडा पोलादी असतो, त्यामुळे त्याचे आटे ॲल्युमिनियमइतके सहज जात नाहीत.

जुनी क्रँक काढायला क्रँक पुलर नावाचं छोटं हत्यार लागतं. बोल्ट काढून हातोड्यानं ठोकू नका. मधल्या बेअरिंगचे छर्रे त्या मारानं खड्डे पाडतात आणि मग तुम्ही आणखी एक दुखणं विकत घेता. पुलर दुकानात असतो, काम पाच मिनिटांचं.

आता वर राहिलेली गोष्ट. डावी क्रँकच एक्सलवर हलत असेल तर ती ताबडतोब आवळा, आजच. चौकोनी भोकाची क्रँक सैल असताना चार-पाच दिवस चालवली की पोलादी एक्सल ॲल्युमिनियमचा चौकोन घासून गोल करतो. मग बोल्ट कितीही आवळा, ती पुन्हा सुटते. म्हणजे दुखणं वेगळं, पण कुंडली हीच: पोलाद जिंकतं, ॲल्युमिनियम हरतं, आणि आपण पाना घेऊन मध्ये बसतो.

पायडल बसवताना

भोक आणि दांडा दोन्हीकडचे आटे कापडानं पुसा. दांड्याच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात. ग्रीस लावल्यानं ते सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. सुटत नाही. उलट ग्रीस नसेल तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे चिकटतात की पुढच्या वर्षी पायडल काढायला पुन्हा उद्यमनगर गाठावं लागेल.

सुरुवात नेहमी बोटांनी. पाना हातात घ्यायचाच नाही. बरोबर पायडल बरोबर भोकात असेल तर ते तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी आत जातं. अर्ध्या फेऱ्यात अडलं तर थांबा, बाहेर काढा, अक्षर बघा, पुन्हा सरळ धरून लावा. अडलेल्या पायडलला जोर हा उपाय नाही, पाइप तर नाहीच. (हे वाक्य मी भावजींना मोठ्यानं वाचून दाखवलंय.)

बोटांनी गेल्यावर पाना लावा. दिशा लक्षात ठेवायची सोपी खूण: पाना वरच्या बाजूला उभा असेल तर त्याचं टोक पुढच्या चाकाकडे ओढलं की घट्ट, मागच्या चाकाकडे ओढलं की सैल. ही खूण दोन्ही बाजूंना लागू पडते, मात्र सायकल तिच्या चाकांवर उभी हवी. शेवटचा जोर साधारण ३५ न्यूटन-मीटर, म्हणजे हातभर पान्याला एका हाताचा दणकट ओढा. अंगाचं सगळं वजन नको. क्रँक ॲल्युमिनियमची असेल तर पायडल आणि क्रँकच्या मध्ये पातळ वायसर घातला तर क्रँकचा तोंडाचा भाग खरवडला जात नाही.

खोका उघडलाच आहे तर आणखी एक बघून घ्या. पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा दांडा) खोक्यात बहुतेक वेळा उलटा फिरवलेला असतो, जागा वाचवायला. तसाच ठेवून हँडल बसवलं की पुढचं ब्रेक मागच्या बाजूला येतं, चाक पायाला लागतं आणि सायकल वेड्यासारखी वळते. ब्रेकचे हात पुढच्या दिशेला हवेत, चिमट्याचा बाक पुढे हवा. हँडलच्या आणि सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती आत बुडालेली हवी. साडी किंवा ओढणी असेल तर मागच्या चाकाला जाळी वेगळी बसवून घ्या. आपल्या जुन्या लेडीज सायकलींना ती यायची, क्रूझरला बहुधा येत नाही. रुंद हँडल आमच्या बोळातल्या फाटकातून आत जात नाही, यावर मात्र उपाय सापडलेला नाही. मी रोज ते तिरकं करून, पोट आत ओढून आत नेते.

नवी क्रँक आणि पायडल लावून पाच आठवडे झाले. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर दोन्ही पायडलं आणि क्रँकचे बोल्ट एकदा पान्यानं तपासले. पायडल हललं नाही, डाव्या क्रँकचा बोल्ट पाव फेरा आत गेला. नव्या क्रँकला तेवढं चालतं. परवा पुन्हा तपासला, जागच्या जागी होता. जुनी क्रँक भावजींच्या कपाटात ठेवली आहे, त्यांच्या पान्यांच्या डब्याशेजारी.